सत्तर नंबरचं सोनं: ग्रेड केलेल्या नाण्यांसाठी जादा पैसे मोजावेत का?

अमेरिकन ईगल हे सोन्याचं एक औंसाचं नाणं सुटं घ्या, नाहीतर प्लॅस्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये घ्या, आत शुद्ध सोनं तेवढंच असतं, ३१.१ ग्रॅम. तरी डीलरच्या दरपत्रकात या दोन ओळींच्या आकड्यांत चांगलाच फरक दिसतो, आणि स्लॅबमधल्या चिठ्ठीवर ‘एमएस-७०’, म्हणजे निर्दोष नाण्याला मिळणारा सर्वांत वरचा आकडा, छापलेला असेल तर तो आणखी वाढतो. हे वरचे पैसे द्यावेत की नाही, यावर सोन्यात बचत ठेवणाऱ्या माझ्या ओळखीच्या लोकांत सरळ दोन तट आहेत. काहींच्या मते सोनं ते सोनं, वर जे द्याल ते पाण्यात. इतरांचं म्हणणं, ग्रेड केलेलं नाणं विकताना कोणी शंका काढत नाही, भावही बरा मिळतो. दोन्हीकडचे लोक ठामपणे बोलतात, पण स्वतः नाणी ग्रेडिंगला पाठवून, परत आल्यावर विकून हिशेब मांडलेला माणूस मला भेटेना. म्हणून मी स्वतःच ते करायला घेतलं. माझ्याकडची काही सुटी नाणी पाठवली, काही ग्रेड केलेली विकत घेतली आणि पुढे त्यातली बरीचशी विकली.

ग्रेडिंगची मोजपट्टी मुळात जुन्या नाण्यांसाठी आली. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली, आणि थोडे फेरफार होऊन ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ६० पासूनचे आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांचे. पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी ही दुसरी १९८७ मध्ये सुरू झाली, आणि त्रयस्थ कंपनीनं नाणं तपासायचं, आकडा द्यायचा, प्लॅस्टिकमध्ये बंद करायचं ही पद्धत रुळली. जुन्या नाण्यांच्या बाजारात याची खरोखर गरज होती. विकणाऱ्याला आपलं नाणं नेहमी उत्तम वाटतं, घेणाऱ्याला मध्यम, आणि एका आकड्याच्या फरकानं किंमत कित्येक पट बदलू शकते.

बुलियन नाण्यांचा, म्हणजे सोन्याच्या वजनासाठी घेतल्या जाणाऱ्या नाण्यांचा, जन्म मात्र वेगळ्या कारणासाठी झाला. दक्षिण आफ्रिकेचं १९६७ चं क्रुगरँड, कॅनडाचं १९७९ चं मेपल लीफ, १९८६ चं ईगल ही सगळी नाणी सामान्य माणसाला ठरावीक वजनाचं सोनं सहज घेता-विकता यावं म्हणून निघाली. ती भराभर पाडली जातात, एकमेकांवर पडतात, ट्यूबमध्ये भरली जातात. म्हणजे जी मोजपट्टी दुर्मीळ वस्तूसाठी तयार झाली, ती इथे लाखांनी निघणाऱ्या मालाला लावली जाते. याचा परिणाम काय होतो ते मला पुढे प्रत्यक्ष दिसलं.

पाठवायची नाणी निवडणं हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. टेबलावर मऊ कापड, एकच दिवा, हातात पाचपट भिंग. पाचपटच, कारण ७० चा अर्थच असा की नाणं पाडून झाल्यावर लागलेला कुठलाही दोष पाचपट भिंगातून दिसता कामा नये. नाणं कडेनं धरायचं आणि दिव्याखाली हळूहळू कलतं करत फिरवायचं. ईगलवर स्वातंत्र्यदेवता लिबर्टी पुढे पाऊल टाकत येते, हातात मशाल. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी वीस डॉलरच्या जुन्या नाण्यासाठी घडवलेली तीच आकृती. तिचा गुडघा आणि छाती हे सर्वांत उंच भाग, त्यामुळे दुसरं नाणं आपटलं की पहिला ठोका तिथे बसतो. दुसरी बघायची जागा म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंची मोकळी सपाटी. तिथे लपायला काही नसतं.

एका ईगलवर मशालीच्या हाताखाली, सपाटीवर, केसाएवढी रेघ दिसली. पहिल्यांदा वाटलं, ओरखडा. पण भिंग जरा जवळ नेलं आणि प्रकाश दुसऱ्या बाजूनं घेतला तेव्हा लक्षात आलं की रेघ खोल नाही, उंच आहे. ओरखडा नाण्यात खाली उतरलेला असतो आणि त्याच्या काठावर धातू किंचित वर सरकलेला असतो. साचा पॉलिश करताना साच्यावर जी रेघ पडते ती नाण्यावर फुगीर उमटते. शिवाय ती आकृतीपाशी येऊन थांबते, कारण साच्यात आकृती खोलगट असते आणि पॉलिश तिथवर पोचत नाही. ही रेघ लिबर्टीच्या झग्याच्या काठाशी येऊन बरोबर थांबली होती. म्हणजे टांकसाळीतूनच आलेली, ग्रेडला बाधा न आणणारी. मला ते नाणं एकदम आवडलं, कारण आता ते हजारांतून ओळखता येणार होतं. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

मेपल लीफ निवडताना जास्त नाणी बाजूला ठेवावी लागली. ईगल २२ कॅरेटचं, त्यात ३ टक्के चांदी आणि ५ टक्क्यांहून थोडं अधिक तांबं, म्हणून ते टणक. मेपल ९९.९९ टक्के शुद्ध, त्यामुळे मऊ. नखाएवढ्या जागेत दोन-तीन बारीक खुणा सहज सापडतात. शुद्ध सोन्यावर कधीकधी तांबूस ठिपकेही येतात, आणि ते घासून काढायचा मोह आवरावा लागतो. नाणं पुसलं, घासलं, पॉलिश केलं की ग्रेडिंग कंपनी आकडा देतच नाही, नुसतं ‘डिटेल्स’ असं लिहून परत पाठवते. बाकी तयारी सोपी आहे: पीव्हीसी नसलेली पारदर्शक पाकिटं, प्रत्येकावर अनुक्रमांक, अर्जात प्रकार, वर्ष आणि जाहीर केलेलं मूल्य, आणि विमा उतरवलेलं टपाल.

खर्चाच्या बाजूला लोक नुसतं ग्रेडिंगचं शुल्क धरतात. त्यात हाताळणीचा आकार, जातानाचा आणि येतानाचा विमा, टपाल आणि सभासदत्व किंवा मध्यस्थ डीलरची रक्कम मिळवली की आकडा बदलतो. आणि शुल्क नगावर असल्यामुळे एक दशांश औंसाच्या नाण्यालाही ते जवळपास तेवढंच पडतं. छोटं नाणं पाठवलं तर त्यातल्या सोन्याच्या किमतीचा मोठा हिस्सा ग्रेडिंगमध्येच जाईल, हे कागदावर मांडल्यावर स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी फक्त एक औंसाची नाणी पाठवली.

वाट बघण्याच्या काळात एका ज्येष्ठ संग्राहक काकांशी बोलणं झालं. त्यांनी जुन्या नाण्यांत आयुष्य घालवलंय. माझा बेत ऐकून त्यांनी विचारलं, “ट्यूब कुठून आणलीस? टांकसाळीच्या सीलची होती का डीलरनं सुटी भरून दिलेली?” मी म्हटलं, दोन्ही प्रकारची आहेत. “मग सुट्यांतून सत्तरची आशा ठेवू नकोस. मोठे डीलर शेकड्यांनी पाठवतात, कंपनीला सांगतात की सत्तर असेल तरच स्लॅब करा. उरलेली परत सुटी विकायला येतात. तुझ्या हातात आलेली कदाचित आधीच गाळून झालेली असतील.”

निकाल आला तो त्यांच्या बोलण्याशी जुळणारा होता. सीलबंद ट्यूबमधल्या काही ईगलना ७०, बहुतेकांना ६९. सुट्यांपैकी एकालाही ७० नाही. मेपलमध्ये एक ६८ वर आलं आणि त्यावर मला आधी न दिसलेली खूण नंतर दिसली, नाण्यावरच्या राणी एलिझाबेथच्या गालावर, अगदी कडेच्या प्रकाशात. तो आकडा मला पटला. पण फुगीर रेघेचं ते आवडतं ईगल ६९ वर आलं, आणि तिथे मी अडकले. कितीही बघितलं तरी ७० मिळालेल्या त्याच्या जोडीदारात आणि त्याच्यात मला फरक सापडेना.

मग मी जरा खर्चीक प्रयोग केला. तो स्लॅब फोडला, नाणं नव्या पाकिटात घातलं आणि इतर काही नाण्यांबरोबर त्याच कंपनीकडे पुन्हा पाठवलं. या वेळी ते ७० होऊन आलं. तीच रेघ, झग्याच्या काठाशी थांबलेली. कंपनीनं लबाडी केली असं मी म्हणत नाही. तिथे एकाहून अधिक तज्ज्ञ नाणं स्वतंत्रपणे बघतात, नाणं कोणाचं आहे हे त्यांना माहीत नसतं, मग आकडा पक्का होतो. पण ६९ आणि ७० मधला फरक माणसाच्या नजरेच्या अगदी टोकावर आहे. तिथे दोन अनुभवी माणसांचं मत वेगळं पडू शकतं, एकाच माणसाचं दोन दिवशी वेगळं पडू शकतं. ६३ आणि ६६ मध्ये असं सहसा होत नाही. बुलियनच्या बाजारात मात्र सगळे जादा पैसे नेमके ६९ आणि ७० च्या मधल्या त्या बारीक फटीसाठी मागितले जातात.

दुसरी बाजू, विकत घेण्याची. ग्रेड केलेली नाणी घेताना पहिलं काम म्हणजे चिठ्ठीवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या नोंदीत तपासणं, आणि तिथे फोटो असेल तर हातातल्या नाण्याशी खूण-न्-खूण जुळवणं. नुसता क्रमांक जुळणं पुरेसं नाही. बनावट स्लॅबही बाजारात आहेत, आणि ते करणारे खऱ्या नाण्याचाच क्रमांक उचलतात. काही नव्या स्लॅबमध्ये फोननं वाचता येणारी चिप असते, तिचा आधार होतो. इथे एक गोष्ट मला खटकली. सुटं ईगल मी घरी दहा मिनिटांत तपासू शकते: वजन ३३.९३ ग्रॅम, व्यास ३२.७ मिलिमीटर, जाडी २.८७ मिलिमीटर. सोनं इतकं जड आहे की स्वस्त धातूचं नाणं वजनाला बरोबर केलं तर ते जाड नाहीतर रुंद होतं. टंगस्टनची घनता सोन्याच्या अगदी जवळची, पण वीजवाहकता तपासणारं यंत्र ते पकडतं. स्लॅबमध्ये गेलं की वजनकाटा आणि कॅलिपर दोन्ही बाद. प्लॅस्टिकमधून वाचणारी यंत्रं आहेत, पण ती प्रत्येकाकडे नसतात. म्हणजे साधा काटा बाळगणाऱ्या माणसाला स्लॅब तपासण्याचं एक साधन देतो आणि दोन काढून घेतो.

‘फर्स्ट स्ट्राइक’ आणि ‘अर्ली रिलीजेस’ अशा चिठ्ठ्यांचेही वेगळे पैसे मागितले जातात. मी त्याची माहिती काढली. नाणी विक्रीला आल्यापासून साधारण तीस दिवसांत ग्रेडिंग कंपनीकडे पोचली की ही चिठ्ठी मिळते. साच्यातून पहिल्या निघालेल्या नाण्यांशी तिचा संबंध नाही. अमेरिकेची टांकसाळ बुलियन नाणी कोणत्या क्रमानं पाडली याची अशी वर्गवारी करत नाही. या चिठ्ठीसाठी जादा पैसे देऊ नका, असं मी कोणालाही निःशंकपणे सांगेन.

कंपन्या प्रत्येक वर्षाच्या नाण्याला कितींना कोणता आकडा मिळाला याचे तक्ते जाहीर करतात. विकणारे ते पुढे करतात: बघा, या वर्षाची सत्तर फक्त इतकीच आहेत. हे तक्ते मी लक्ष देऊन बघितले आणि मला त्यातली मेख कळली. तिथे फक्त पाठवलेली नाणी मोजलेली असतात. एखाद्या वर्षाची सत्तर कमी दिसली तर ती दुर्मीळ असतील, किंवा अजून कोणी पाठवलेलीच नसतील. ज्या दिवशी कोणी जुन्या सीलबंद ट्यूबा पाठवेल त्या दिवशी आकडा फुगेल, आणि हा आकडा सहसा वाढतच जातो. १९८० च्या दशकातली, रोमन आकड्यांत वर्ष छापलेली ईगल नाणी याला थोडा अपवाद आहेत. त्या काळातली निर्दोष नाणी खरोखर कमी सापडतात.

मग विक्री. मी वेगवेगळ्या डीलरांकडे तीच नाणी घेऊन गेले. सुटी, ६९ आणि ७०, तिन्ही एकत्र ठेवून भाव विचारला. पहिल्यानं सुट्यांचा भाव सांगितला, मग स्लॅबकडे बोट करून म्हणाला, “ही पण त्याच भावात लावतो. मॅडम, माझं गिऱ्हाईक वजन घेतं, चिठ्ठी घेत नाही.” दुसऱ्यानं ६९ सुट्याच्याच भावात धरली, ७० ला थोडं वर दिलं. एकाला तर स्लॅब नकोच होते. सुटी वीस ईगल एका ट्यूबमध्ये बसतात, स्लॅब केले की तेवढ्याच नाण्यांना अख्खा डबा लागतो, ही त्याची अडचण होती आणि ती खरी आहे. माझ्या लॉकरचाही बराचसा भाग त्या डब्यांनी अडवला होता. ७० ला सर्वांत चांगला भाव एका संग्राहकानं दिला. पण तो माणूस सापडायला वेळ लागला, त्याला त्याच वर्षाचं नाणं हवं होतं, आणि अशी विक्री लिलावातून केली की मध्यस्थाची दलाली आलीच. ६९ ला कोणीही वेगळे पैसे दिले नाहीत.

ग्रेडचे वरचे पैसे हे दागिन्याच्या घडणावळीसारखे आहेत. घेताना पूर्ण मोजावे लागतात, मोडताना समोरचा त्यातलं फार थोडं मानतो. आकड्यांत मांडून बघा. समजा सुटं नाणं धातूच्या भावापेक्षा ४ टक्के वर मिळालं आणि विकताना १ टक्का वर गेलं. सोनं साधारण ३ टक्के वाढलं की मुद्दल परत. समजा ७० चं नाणं १५ टक्के वर घेतलं आणि विकताना ३ टक्के वर गेलं. आता सोनं जवळपास १२ टक्के वाढल्याशिवाय मुद्दल सुटत नाही. शिवाय त्या वरच्या पैशांत जेवढं सोनं जादा आलं असतं तेही गेलं. सोन्याचा भाव चढतो तेव्हा ग्रेडचा फरक त्या प्रमाणात चढत नाही, उलट एकूण किमतीच्या मानानं आकसतो. म्हणजे तुमचा सोन्याबद्दलचा अंदाज बरोबर ठरला तरी त्या वरच्या पैशांना त्याचा फायदा होत नाही.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे. सोन्यासाठी सोनं घेणाऱ्यानं ६९ किंवा ७० साठी जादा पैसे देऊ नयेत, त्या पैशांत जास्त वजन घ्यावं, आणि काटा-कॅलिपर वापरायला शिकावं. पण ग्रेडिंगच बिनकामाचं आहे असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. काही ठिकाणी मी स्वतः स्लॅबशिवाय हात लावणार नाही. १९०७ ते १९३३ मधली सेंट-गॉडन्सची वीस डॉलरची नाणी हे पहिलं उदाहरण. त्यांच्या काही बनावट प्रती खऱ्या सोन्यात, खऱ्या वजनाच्या केलेल्या आहेत. १९०७ च्या हाय रिलीफ, म्हणजे जास्त उठावाच्या, नाण्याची एक प्रसिद्ध नक्कल तर इतकी सफाईदार आहे की करणाऱ्यानं गरुडाच्या पंज्यात सोडलेल्या बारीक ‘ओमेगा’ अक्षरावरून ती ओळखली जाते. तिथे माझा काटा काय सांगणार? तिथे तज्ज्ञाच्या नजरेचे पैसे द्यायलाच हवेत. काकांचंही म्हणणं हेच होतं, की ग्रेडिंग अशा नाण्यांसाठी आहे आणि तिथेच ते शोभतं.

दुसरं उदाहरण १९९९ च्या छोट्या ईगलचं. पाव आणि एक दशांश औंसाची काही नाणी त्या वर्षी प्रूफच्या, म्हणजे संग्राहकांसाठीच्या चकचकीत नाण्यांच्या, पॉलिश न केलेल्या साच्यांनी पाडली गेली, आणि साध्या बुलियन नाण्यावर एरवी नसणारं वेस्ट पॉइंट टांकसाळीचं ‘डब्ल्यू’ अक्षर त्यांच्यावर राहिलं. ही नाणी साध्या ईगलपेक्षा बरीच महाग जातात. असं नाणं हाती लागलं तर ते नक्की तेच आहे यावर त्रयस्थाचा शिक्का असणं फायद्याचं, मग आकडा ६९ असो वा ७०. नाणं अनोळखी माणसाला, दूरवर, नुसत्या फोटोवरून विकायचं असेल तेव्हाही स्लॅबमुळे खरेदीदाराची धाकधूक कमी होते. आपल्या तपासणीवर ज्याला विश्वास ठेवता येत नाही त्याच्यासाठी ही खरी सोय आहे, फक्त तिची किंमत ग्रेडिंगच्या शुल्काएवढीच धरावी.

७० झालेलं ते रेघेचं ईगल मी त्या संग्राहकालाच विकलं आणि आधी ते ६९ होतं हे त्याला सांगितलं. त्याला चाललं, त्याला त्या वर्षाचं सत्तर हवं होतं. आलेल्या पैशांत सुटी ईगल घेतली. आता डीलरकडे गेले की सुट्यांचा भाव विचारते आणि मग सहज ६९ चा. कधीकधी दोन्ही भाव एकच निघतात, कारण डीलरला जुने स्लॅब संपवायचे असतात. तेव्हा मी ६९ घेते, क्रमांक तपासून, फोटो जुळवून. नाण्याभोवती चांगलं प्लॅस्टिक फुकट मिळतं आणि सोनं सुट्याच्या भावात.